फिरंग तलवार व तिची प्रतिकृती

युरोपीय बनावटीचे लांब व सरळ पाते दख्खनी पद्धतीच्या, पंजाचे रक्षण करणाऱ्या मुठीत बसवून तयार केलेल्या तलवारीस ‘फिरंग’ म्हणतात. सतराव्या व अठराव्या शतकांत मराठे, दख्खनमधील सुलतान आणि त्यांचे सरदार यांच्या शस्त्रागारांत ती विशेष मानाची समजली जाई. पाते एका देशातील लोहाराचे आणि मूठ दुसऱ्या देशातील कारागिराची, अशी तिची घडण असल्यामुळे तिचे मूळ ठरविणे, तिचा काळ सांगणे आणि तिची विश्वसनीय प्रतिकृती करवून घेणे, ही तिन्ही कामे इतर शस्त्रांच्या मानाने अवघड ठरतात. स्कॉटलंडमधील जाळीदार मुठीची तलवारही अशाच दुहेरी घडणीची असून या दोहोंची तुलना उद्बोधक आहे.

नाव व स्वरूप : युरोपातील ‘फ्रँक’ लोकांच्या नावावरून अरबी-फार्सीत रूढ झालेल्या ‘फिरंग’ या शब्दाने प्रथम पश्चिमेकडील लोक व त्यांचा देश यांचा बोध होई. पुढे त्यांच्याकडून आलेल्या पात्यालाही तेच नाव मिळाले आणि पात्यावरून सबंध तलवारच फिरंग म्हटली जाऊ लागली. फिरंगेचे पाते साधारणतः ८० ते १०० सेंमी. लांब असून ते बहुधा एकधारी असते. मात्र टोकाजवळ काही अंतरापर्यंत त्याला पाठीकडूनही धार दिलेली आढळते. पात्याच्या लांबीतून एक, दोन किंवा तीन पन्हळी काढलेल्या असतात. पन्हळीमुळे पात्याचे वजन घटते, परंतु ताठपणा कायम राहतो. वक्र तलवार मुख्यतः वार करण्यासाठी असते. फिरंगेने वार करता येतो आणि भोसकताही येते. तिच्या लांबीमुळे घोडेस्वाराला ती विशेष उपयोगी पडे.

मुठीला रुंद आडवी पट्टी, बोटांवरून वळत वर जाणारी पोलादी परज, वाटीसारखी बैठक आणि त्या बैठकीतून निघालेला काहीसा वाकडा दांडा असे भाग असतात. हा दांडा केवळ शोभेचा नसतो. दोन्ही हातांनी वार करावयाचा झाल्यास दुसऱ्या हाताची पकड त्यावर बसते. तलवार म्यानात असताना हात टेकण्यासही त्याचा उपयोग होतो. परजेच्या आतील बाजूस कापडाची किंवा मखमलीची जाड गादी बसविलेली असते. मराठी साधनांत ‘धोप’ या नावाने उल्लेखिलेली सरळ तलवारही याच कुळातील होय. युरोपीय पाती पट्ट्यासाठी व कट्यारीसाठीही वापरीत. तंजावरच्या मराठी राजांच्या शस्त्रागारातील अनेक कट्यारींची पाती मूळच्या युरोपीय तलवारींची आहेत.

पात्यांची आयात : दख्खनमध्ये उत्तम पोलादाची वाण नव्हती. तेलंगणातील मुशीतले पोलाद इराणपर्यंत निर्यात होई व त्यापासून केलेल्या जोहरदार पात्यांची कीर्ती सर्वत्र होती. तथापि हे पोलाद अतिशय कठीण असून लांब, सरळ व पातळ पात्यात ते आघाताने तडकण्याचा संभव असे. याउलट युरोपीय पाती वाकून पुन्हा सरळ होत आणि मोठ्या संख्येने, जवळजवळ सारख्या मापाची मिळत. जर्मनीतील झोलिंगेन, स्पेनमधील टोलेडो, इटलीतील जिनोआ व बेल्लूनो ही पात्यांच्या निर्मितीची प्रसिद्ध केंद्रे होती. झोलिंगेन येथे पाते घडविणारा, त्याला पाणी देणारा, पाणचक्कीवर ते घासणारा व मूठ बसविणारा हे निरनिराळे कारागीर असून प्रत्येकाचा धंदा संघाच्या नियमांनी बांधलेला असे. तयार पाती मुठीविना देशोदेशी जात. पोर्तुगीजांनी गोवा व कोकणातील इतर बंदरांतून ती दख्खनमध्ये आणली. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरंभीच्या व्यापारातही तलवारीच्या पात्यांचा समावेश होता.

पात्यांवर निर्मात्यांच्या खुणा उमटविलेल्या असत. धावता लांडगा ही पासाउ व झोलिंगेन येथील खूण होय. पापण्यांच्या केसांसारख्या दातेरी रेषा असलेली दुहेरी चंद्रकोर ही जिनोआची म्हणून ओळखली जाई. या खुणांमुळे मालाला भाव मिळत असल्याने त्यांची नक्कलही लवकरच सुरू झाली. भारतीय लोहारांनी घडविलेल्या अनेक पात्यांवर दातेरी चंद्रकोर आढळते. तेव्हा फिरंगेची प्रतिकृती ही आधुनिक काळातील कल्पना नसून फिरंगेइतकीच जुनी आहे, आणि केवळ खुणेवरून पात्याचे मूळ सांगता येत नाही.

दख्खनमधील प्रसार : गोव्याहून घाटमाथा ओलांडून येणाऱ्या मालाची विजापूर ही मोठी पेठ होती. आदिलशाही व निजामशाही यांच्यामध्ये सोलापूरचा किल्ला दीर्घकाळ वादाचा विषय होता. तालिकोटच्या लढाईपूर्वी (१५६५) अली आदिलशाहाशी चांदबिबीचा विवाह झाला, तेव्हा तो आंदण म्हणून देण्यात आला. सोलापूरच्या आग्नेयेस असलेल्या होटगी येथून आज विजापूरकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. सोलापूर, होटगी व विजापूर यांमधील हा सपाट मुलूख घोडदळाच्या हालचालींना सोयीचा होता आणि दोन्ही सत्तांच्या फौजा त्यातून वारंवार जात. परदेशी कौशल्य व स्थानिक गरज यांचा मेळ शस्त्रांच्या बाबतीत या भागाला नवा नव्हता. अहमदनगर येथे १५४९ मध्ये एका रूमी ओतकाराने ओतलेली मलिक-इ-मैदान ही तोफ १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला नेण्यात आली. फिरंगेच्या बाबतीत मात्र परदेशी कारागीर न येता त्याची वस्तू आली आणि तिला हाताजोगी करण्याचे काम येथील मूठकारांनी केले.

मराठेशाहीतील फिरंग : छत्रपती शिवाजी महाराजांच्या तलवारींसंबंधी जी परंपरा आहे, तिच्यात युरोपीय पात्याचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. मराठ्यांच्या इतिहासाचा स्कॉटिश लेखक जेम्स ग्रँट डफ याने सातारच्या राजघराण्यातील भवानी तलवारीचे पाते जिनोआचे असल्याचे नमूद केले आहे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांनी १८७५-७६ मध्ये भारतभेटीस आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सला (पुढे सातवा एडवर्ड) भेट दिलेली ‘जगदंबा’ तलवार इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिचेही पाते युरोपीय व सरळ असून मूठ दख्खनी, सोन्याने व रत्नांनी मढविलेली आहे. १९८० नंतर महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्यासाठी मोहीम हाती घेतली, तेव्हा भवानी कोणती व जगदंबा कोणती, हा प्रश्न जनतेत मोठ्या प्रमाणावर चर्चिला गेला. या बाबतीत अभ्यासकांचे एकमत झालेले नाही.

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची फिरंग महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील लिलावात विकत घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आणण्यात आली. सर्व खर्च धरून या व्यवहारास सु. ४७ लाख रुपये लागले. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, सरळ व एकधारी असून मूठ मुल्हेरी घाटाची व सोन्याच्या नक्षीची आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, त्यांचे सेनासाहेबसुभा हे पद आणि ‘फिरंग’ हा शब्द कोरलेला आहे. परदेशी पाते, दख्खनी मूठ व मराठी लेख ही तिन्ही एकाच वस्तूत एकत्र आल्यामुळे फिरंगेच्या अभ्यासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. युरोपीय पाते ही उसनवारी न मानता तिचा अभिमानाने नामोल्लेख करण्याची तत्कालीन वृत्तीही तिच्यावरून दिसून येते.

स्कॉटिश तलवारीशी साम्य : स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात सोळाव्या शतकापासून प्रचारात आलेल्या रुंद पात्याच्या तलवारीची मूठ पोलादी सळ्या व पट्ट्या यांच्या पिंजऱ्याने सर्व बाजूंनी वेढलेली असते. तिचीही उत्तम पाती बहुधा झोलिंगेनहून येत. त्यांपैकी अनेकांवर बेल्लूनो येथील आंद्रेआ फेरारा या सोळाव्या शतकातील इटालियन लोहाराचे नाव आढळते. मात्र त्याच्यानंतर दीर्घकाळ जर्मन कारागीर हे नाव उत्तमपणाची ग्वाही म्हणून उमटवीत राहिले. मूठ स्थानिक असे. ग्लासगो येथील सिम्प्सन व स्टर्लिंग येथील ॲलन या घराण्यांतील मूठकारांची कामे आज संग्रहालयांत मोलाची मानली जातात. पट्ट्यांमध्ये हृदयाच्या आकाराची छिद्रे पाडून त्या नक्षीदार केलेल्या असतात व आत चामड्याचे आणि लाल कापडाचे अस्तर असते.

दोन्ही मुठींचा हेतू एकच असला, तरी बांधणीत मूलभूत भेद आहे. स्कॉटिश तलवारीत पात्याचे निमुळते शेपूट मुठीतून आरपार जाऊन शेवटच्या गोळ्यावर ठोकून पक्के केलेले असते. फिरंगेत ते आखूड असून पोकळ मुठीत लाख किंवा राळ ओतून धरलेले असते. शिवाय मुठीपासून निघालेल्या दोन पोलादी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांस खिळ्यांनी जखडतात. यामुळे पाते मोडल्यास किंवा मूठ जुनी झाल्यास त्यांची अदलाबदल करणे सोपे जाई. पुष्कळ फिरंगांचे पाते मुठीहून शंभर वर्षांनी जुने असते, याचे कारण हेच होय. कलोडनच्या लढाईनंतर (१७४६) स्कॉटिश डोंगरी लोकांना शस्त्रे बाळगण्यास बंदी झाली, परंतु ब्रिटिश सैन्यातील हायलँडर पलटणींत ही तलवार टिकून राहिली. असईच्या लढाईत (१८०३) अशा दोन पलटणी मराठ्यांविरुद्ध लढल्या.

ऱ्हास : १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर सरदारांच्या फौजा विसर्जित झाल्या व मूठकार, शिकलगार, म्यानकार यांची गिऱ्हाइके नाहीशी झाली. तंजावर संस्थान खालसा झाल्यानंतर तेथील शस्त्रागार १८६० नंतरच्या दशकात मोडण्यात आले. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या, परंतु उरलेल्या शस्त्रांपैकी फार मोठा भाग भंगार म्हणून नष्ट झाला. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर व बनविण्यावर कडक निर्बंध आले. शिकलगार कात्र्या-सुऱ्यांना धार लावू लागले, घिसाडी शेतीच्या अवजारांकडे वळले. ही विद्या तोंडी व हातोटीने पुढे जाणारी असल्याने दोन-तीन पिढ्यांत तिचा बराचसा भाग लुप्त झाला. पात्याला पाणी देण्याची पद्धत, राळेच्या मिश्रणाचे प्रमाण, मुठीचा कोन ठरविण्याचे आडाखे यांविषयी लिखित माहिती अत्यल्प आहे. उरलेल्या तलवारी हेच आता या विद्येचे मुख्य साधन आहे. म्हणूनच मापून, तपासून केलेल्या प्रतिकृतीला केवळ शोभेच्या वस्तूहून अधिक मोल येते.

प्रतिकृती करवून घेण्याची रीत : प्रतिकृतीचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. भिंतीवर लावण्यासाठी किंवा मिरवणुकीसाठी केलेली शोभेची तलवार हा पहिला. रूप, माप, वजन व तोल मुळाप्रमाणे राखून आधुनिक पोलादात घडविलेली हाताची प्रतिकृती हा दुसरा. साहित्य व कृती हीदेखील शक्य तितकी मूळची ठेवून केलेली अभ्यासाची प्रतिकृती हा तिसरा. कोणत्या प्रकारची प्रतिकृती हवी, हे काम सांगतानाच ठरवावे लागते. कारण त्यावर कारागिराची निवड, खर्च व कालावधी अवलंबून असतात. भारतात डेहराडून येथे ऐतिहासिक तलवारींच्या प्रतिकृतींचा निर्यातप्रधान उद्योग असून स्कॉटिश जाळीदार मुठीच्या तलवारीही तेथे तयार होतात. सोन्याचांदीच्या तारकामासाठी उदयपूर येथील कारागीर प्रसिद्ध आहेत.

प्रथम एकच निश्चित मूळ तलवार निवडणे इष्ट असते. अनेक छायाचित्रांतील निरनिराळे भाग एकत्र केल्यास कधीही अस्तित्वात नसलेली तलवार निर्माण होते. एकूण लांबी, पात्याची रुंदी, वजन व तोलाचा बिंदू ही मापे आवश्यक असतातच. परंतु सर्वांत महत्त्वाचे व बहुधा दुर्लक्षिले जाणारे माप म्हणजे पात्याची निरनिराळ्या अंतरांवरील जाडी. जुने पाते मुठीजवळ जाड असून अणीकडे क्रमाक्रमाने पातळ होत जाते. सारख्या जाडीच्या पोलादी पट्टीतून कापलेले पाते दिसण्यात हुबेहूब असले, तरी पुढच्या बाजूस जड होते आणि हातात मुळासारखे वळत नाही. मूळ तलवार हाती घेतलेल्या जाणकारास प्रतिकृतीचा हा दोष प्रथम जाणवतो.

पाते घडविताना आज बहुधा मध्यम कार्बनाचे किंवा कमानीचे पोलाद वापरतात. लोखंड तापवून, ठोकून आकार दिल्यावर पन्हळी काढतात. मग लालभडक तापलेले पाते तेलात विझवून कठीण करतात व पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. या दुसऱ्या तापवणीत चूक झाल्यास पाते एक तर काचेसारखे तडकते, नाही तर वाकल्यावर तसेच राहते. मूठ पत्र्याचे भाग ठोकून, वाकवून व जोडून करतात. तिची पकड अरुंद ठेवावी लागते. जुन्या भारतीय मुठी आजच्या माणसास लहान वाटतात. परंतु आवळून धरण्याची ती पद्धतच होती व त्यामुळे मनगटाच्या हालचालीला विशिष्ट वळण मिळे. ग्राहकाच्या सोयीसाठी पकड मोठी केल्यास तलवारीची सर्व प्रमाणे बिघडतात.

कोफ्तगारीत पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्यातिडव्या रेघा ओरखडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवितात आणि नंतर अकीकाने घोटतात. सोनेरी मुलाम्याने दिसण्याचे काम भागते, परंतु तारेचा उठाव त्यात येत नाही. अखेरीस पाते व मूठ यांची जोडणी होते. पट्ट्यांचे खिळे व राळ यांऐवजी आधुनिक वितळजोड वापरल्यास तलवार अधिक मजबूत भासते. मात्र पाते आणि मूठ स्वतंत्र राहणे, हे फिरंगेचे जे वैशिष्ट्य, तेच त्यामुळे नाहीसे होते. म्यान लाकडी असून त्यावर चामडे किंवा कापड चढवितात.

कायदा व प्रामाणिकपणा : १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे नियम यांनुसार तलवार हे शस्त्र ठरते. तिची निर्मिती, विक्री व काही अधिसूचित क्षेत्रांत तिचे बाळगणे यांसाठी परवाना लागतो. धार नसलेल्या शोभेच्या तलवारीबाबतही स्थानिक पोलिसांकडून खात्री करून घेणे योग्य ठरते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू असून खाजगी व्यक्तीस तिची निर्यात करता येत नाही. म्हणून जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या वस्तू देशाबाहेर नेताना त्या पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा दाखला उपयोगी पडतो.

याहून गंभीर प्रश्न फसवणुकीचा आहे. जुने युरोपीय पाते व नवी मूठ, किंवा जुनी मूठ व नवे पाते यांची जोडणी करून त्यावर नामवंत पुरुषाचे नाव कोरलेल्या तलवारी बाजारात येऊ शकतात. फिरंग मुळातच दोन काळांतील भागांची असल्यामुळे असा बनाव ओळखणे कठीण जाते. आम्लाने गंज चढविलेली, काळवंडवलेली प्रतिकृती पहिल्या मालकाच्या हयातीत प्रतिकृतीच असते. एकदोन हस्तांतरांनंतर मात्र ती ‘घराण्यातील तलवार’ होते, आणि पुढील अभ्यासकाचा निष्कर्ष तिच्यामुळे चुकतो. यासाठी पात्याच्या मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर व परजेच्या आतील अंगास कारागिराचे नाव व वर्ष उमटविणे, कोणत्या तलवारीवरून काम केले त्याची लेखी नोंद ठेवणे आणि वस्तू कृत्रिम रीतीने जुनाट न करणे, हे नियम पाळणे श्रेयस्कर असते. संग्रहालयांतही प्रतिकृती मांडल्यास तसा स्पष्ट उल्लेख करण्याचा संकेत आहे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मुंबई. राजा दिनकर केळकर संग्रहालय, पुणे. तसेच नागपूर व सातारा येथील संग्रहालये यांतून मराठाकालीन शस्त्रे पाहावयास मिळतात. त्यांची जाडी व तोल यांसह संपूर्ण मापे प्रसिद्ध झाल्यास नव्या कारागिरांना छायाचित्रांवर विसंबावे लागणार नाही. परदेशी पात्याला आपल्या हाताजोगी मूठ देणारा दख्खनी कारागीर बहुतांशी अनामिक राहिला. फिरंगेतील त्याचा वाटा मुठीच्या कोनात, परजेच्या वळणात व दोन पट्ट्यांच्या जोडात आहे. मापून केलेल्या आणि प्रतिकृती म्हणून उघडपणे ओळखल्या जाणाऱ्या तलवारीतून तो पुन्हा समजून घेता येतो.